निश्चयक शून्य, तरी कॅल्क्युलेटर उत्तर देतो: तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: ग्राफिंग कॅल्क्युलेटरमध्ये मॅट्रिक्सची चुकीची उत्तरे

महोदय,

मी लातूरला इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलांची गणिताची शिकवणी घेतो. जूनमध्ये ९,४०० रुपये मोजून तुमचा ग्राफिंग कॅल्क्युलेटर मागवला. परीक्षेत तो चालत नाही हे ठाऊक होतं. हाताने सोडवलेलं गणित ताडून बघायला हवा होता.

मागच्या आठवड्यात वर्गात १ ते ९ हे आकडे ओळीने भरून ३ बाय ३ मॅट्रिक्स (आकड्यांची चौकट) घेतलं, उजव्या बाजूला ६, १५, २४; म्हणजे एक्स, वाय, झेडची तीन समीकरणं. याचा निश्चयक (मॅट्रिक्सच्या आकड्यांवरून निघणारी एक संख्या) शून्य, कारण पहिल्या आणि तिसऱ्या ओळीची बेरीज मधल्या ओळीच्या बरोबर दुप्पट. उजवीकडेही ६ आणि २४ ची बेरीज १५ च्या दुप्पट, म्हणजे उत्तरं अनंत. तुमच्या यंत्राने निश्चयक शून्य न दाखवता दशांश चिन्हापुढे बारा शून्यं आणि मग काही आकडे दाखवले. हे काढताना आत सातने भागावं लागतं, तिथं दशांश संपत नाही, कुठंतरी तोडावा लागतो, एवढं मलाही कळतं. त्याबद्दल तक्रार नाही.

पण निश्चयक शून्य असेल तर व्यस्त मॅट्रिक्स (ज्याने गुणून उत्तर काढतात ते) नसतंच, आणि पुढं त्याने तेही काढून दिलं! त्यावरून आलं एक्स २, वाय उणे ४, झेड ०. पहिल्या समीकरणात (एक्स + २ वाय + ३ झेड) घालून बघा: ६ यायला हवेत, येतात उणे ६. मागच्या बाकावरचा पोरगा म्हणाला, "सर, मशीन खोटं बोलायलंय की!" आणि तेच गणित यंत्राला ओळींची क्रिया करून (एका ओळीतून दुसरीची पट वजा करत) सोडवायला सांगितलं, तर शेवटची ओळ सगळी शून्य, म्हणजे बरोबर. एकाच यंत्राची दोन तोंडं, आणि माहितीपुस्तिकेत याबद्दल एक ओळ नाही.

तुमच्या हेल्पलाइनने आधी सेल बदलायला सांगितले. मग रिसेट करायला लावलं, त्यात मी साठवलेले प्रोग्रॅम गेले. चूक तशीच. आता म्हणता, स्वखर्चाने कुरिअर करा. वॉरंटीतल्या वस्तूला? मी काही सेल कुठं घालायचे विचारायला फोन केला नव्हता.

दुरुस्त सॉफ्टवेअर द्या किंवा यंत्र नेऊन पैसे परत करा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार इथल्याच जिल्हा आयोगाकडे जाईन. त्यासाठी मला आता तुमच्या गावी यावं लागत नाही.

बिल, स्क्रीनचे दोन फोटो आणि हाताने सोडवलेलं पान सोबत जोडलं आहे.

आपला ग्राहक,
लातूर