कळप पाण्यात उतरेपर्यंत गाडी मागेच हवी

संपादक महोदय, स. न. वि. वि.

जुलै ते ऑक्टोबरच्या काळात टांझानियातल्या सेरेंगेटी किंवा केनियातल्या मसाई मारात विल्डबीस्टचे (हरणवर्गातल्या मोठ्या जनावरांचे) स्थलांतर करणारे कळप पाहायला जाणाऱ्या वाचकांसाठी हे पत्र.

कळप मारा नदी कधी ओलांडेल, हे कोणीच सांगू शकत नाही. पुढची जनावरे काठावर तासन् तास घोटाळतात आणि कधी आल्या पावली परततात. एक उतरला की मात्र मागचे लोटत येतात. उतरण्याआधीचा हा वेळ सर्वांत नाजूक असतो. तेव्हा काठाशी गाडी दिसली, दार आपटले किंवा माणूस खाली उतरला, तर पुढची बुजतात आणि कळप माघारी फिरतो, नाहीतर सरकत जाऊन भलत्याच उभ्या दरडीवरून उड्या घेतो. पलीकडच्या चढणीवर गाड्या असतील तर आणखी वाईट. वर येणारी जनावरे अडतात, मागचा लोंढा थांबत नाही आणि पाण्यात चेंगराचेंगरी होते. या नदीत वर्षाला सरासरी सहा हजारांवर विल्डबीस्ट बुडतात. तो निसर्गक्रमच आहे, त्यांच्यावर मासे, मगरी, गिधाडे पोसली जातात. पण त्यात आपली भर पडता कामा नये. जुलै २०२५ मध्ये उत्तर सेरेंगेटीत पर्यटकांनी गाड्यांतून उतरून कळपाची वाट अडवली होती. तसे कदापि करू नये.

जाणता गाइड काठापासून बराच मागे, झाडोऱ्याआड, इंजिन बंद करून थांबतो. ओघ नीट लागल्यावरच तो पुढे येतो, तेही कळपाची वाट सोडून बाजूला. बहुतेक चुका मागच्या सीटवरून सुरू होतात. ‘अजून जवळ घ्या’ असा धोशा लावला की बक्षिशीवर घर चालवणाऱ्या गाइडला नाही म्हणणे जड जाते. म्हणून पहिल्याच सकाळी त्याला सांगून टाका: नियम मोडून जवळ जायचे नाही, आणि बक्षिशी त्यामुळे कमी होणार नाही.

चित्त्याचे नुकसान तर डोळ्यांना दिसतही नाही. तो बहुधा दिवसा शिकार करतो, म्हणजे नेमका आपल्या फेरीच्या वेळी. मसाई मारात झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, पर्यटकांची गर्दी जास्त असलेल्या भागात एका वेतातली सरासरी ०.२ पिल्ले स्वतंत्र होण्याइतकी वाढली. कमी गर्दीच्या भागात २.३. एका प्राण्याभोवती पाचच गाड्या, हा मारातला नियम त्यासाठीच आहे. सहावी गाडी आपली असेल तर दूर थांबावे.

नदीसाठी उत्तर सेरेंगेटीतल्या कोगातेंदे परिसरात किमान तीन रात्री ठेवा. एका दिवसात सगळे उरकायचे म्हटले की घाई होते, आणि घाईतूनच हे प्रकार घडतात. चारशे मिलिमीटरची लेन्स आणि छताच्या कडेवर ठेवायला धान्याची पिशवी असली की लांबूनही छायाचित्र स्थिर येते. इंजिन मात्र बंद हवे, नाहीतर थरथर चित्रात उतरते.

आपला,
एक वन्यजीव अभ्यासक