कोर्टाने दिराला गल्लीतून काढलं, ते आमच्या घरी आले, आणि माझी मुलगी घराबाहेर गेली

प्रति,
मा. मंत्री, महिला व बालविकास,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

मॅडम, नमस्कार.

मी कुर्ल्याला राहते, एसआरएच्या बिल्डिंगमध्ये, सव्वादोनशे स्क्वेअर फुटांचं घर. नाव देत नाहीये. माझं नाव कळलं की दिराचं कळणार, दिराचं कळलं की त्यांची जुनी गल्ली कळणार आणि मग ज्या मुलीची केस आहे ती कोण हे शोधायला लोकांना दहा मिनिटं पण लागणार नाहीत. पोक्सोमध्ये, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्यात, मुलीची ओळख उघड करायला बंदी आहे, ती पेपरवाले नाव गाळून आणि एरिया, वय, बापाचा धंदा सगळं छापून पाळतात, मी जरा नीट पाळते.

तर आमच्या भावोजींना पोक्सोच्या कलम 8 खाली, म्हणजे लैंगिक हल्ल्यासाठी, 3 वर्षांची शिक्षा झाली. मुलगी त्यांच्याच गल्लीतली. त्यांनी ते केलं, हे आधीच लिहून टाकते, कारण घरच्यांचं पत्र म्हटलं की आमच्या माणसाला अडकवलं हेच असतं आणि माझ्या सासूबाई आजही तेच म्हणतात. माझं ते म्हणणं नाही. पण शिक्षा झाली म्हणजे माणूस लगेच आत गेला असं नसतं हे मला तेव्हा कळलं. आधीपासून जामिनावर असेल आणि शिक्षा 3 वर्षांपर्यंतची असेल तर अपील करायला वेळ मिळावा म्हणून तेच कोर्ट शिक्षा थांबवू शकतं, मग हायकोर्टात अपील, तिथे स्थगिती, आणि अपीलाचा नंबर कधी लागणार ते वकिलालाही सांगता येत नाही. तोपर्यंत बाहेर, पण अटींवर. जुन्या पोलीस स्टेशनच्या हद्दीत पाऊल ठेवायचं नाही, मुलीला किंवा तिच्या घरच्यांना फोन नाही मेसेज नाही, मध्ये कोणाला घालून निरोप पण नाही, पासपोर्ट जमा, ठरल्या तारखेला हजेरी, आणि राहायचा पत्ता द्यायचा.

या अटी मला मान्य आहेत. ती पोरगी ज्या नळावर पाणी भरते तिथे हा माणूस ब्रश करत उभा राहणार असेल तर कोर्टाने शिक्षा दिली काय आणि नाही दिली काय. मध्य प्रदेशात 2020 मध्ये हायकोर्टाने आरोपीला जामीन देताना तक्रारदार बाईच्या घरी जाऊन राखी बांधून घ्यायला सांगितलं होतं, ते सुप्रीम कोर्टाने मार्च 2021 मध्ये रद्द केलं आणि सांगितलं की जामिनाच्या अटींनी दोघांची गाठ घालून द्यायची नसते, बाईला त्रास होणार नाही हे बघायचं असतं. एकदम बरोबर.

माझं भांडण त्या शेवटच्या अटीशी आहे, पत्ता. हद्दीत जायचं नाही हे लिहिलं, मग माणूस जाणार कुठे? मुंबईत भाड्याने खोली घ्यायची तर डिपॉझिट, अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट, वर पोलीस व्हेरिफिकेशन, कोण देणार याला खोली. भावाचंच घर. आमचा पत्ता दिला गेला, मला विचारलं वगैरे नाही, सासूबाई आणि नवऱ्याने ठरवलं.

पत्ता तपासायला हवालदार आले. चांगले होते वागायला, खोटं का बोलू. लाइट बिल बघितलं, आधार बघितलं, नवऱ्याची सही घेतली. माझी मुलगी तिथेच खाली बसून गणितं सोडवत होती, पाचवीत आहे. तिचं वय काय, ती झोपते कुठे, मी कामावर असताना दुपारी घरात कोण असतं, यातला एकही प्रश्न नाही. त्यांच्या फॉर्ममध्ये तो रकानाच नसणार. एका मुलीपासून लांब ठेवायचं म्हणून माणसाला जिथे पाठवलं तिथे दुसरी मुलगी आहे, हे ज्या कागदावर लिहायला पाहिजे तो कागदच कोणाकडे नाही. आणि सरकारचे स्वतःचे एनसीआरबीचे, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या खात्याचे, आकडे वर्षानुवर्षं सांगतायत की बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून जास्त केसमध्ये आरोपी ओळखीतला असतो. ओळखीतला म्हणजे कोण हो? दीर, काका, मामा, शेजारी, ज्याला घरात घ्यायला बेल वाजवावी लागत नाही.

मी नाही म्हटलं. त्यावर घरात जे झालं ते सगळं लिहीत नाही. "तो काय परका आहे का", "स्वतःच्या पुतणीवर संशय घेतेस", संशय मी पुतणीवर नव्हते घेत पण असो. सव्वादोनशे स्क्वेअर फुटांत नजर ठेवणार म्हणजे किती ठेवणार, रात्री अंथरुणं टाकली की चालायला जागा राहत नाही. मग तोडगा काय निघाला तर मुलीला माझ्या आईकडे बदलापूरला पाठवायचं. शाळा बदलली, मैत्रिणी सुटल्या, मी शनिवारी रात्री लोकल पकडून जाते आणि रविवारी परत. म्हणजे बघा, अटी भावोजींवर, आणि घर सोडलं माझ्या मुलीने, जिचा या केसशी काडीचा संबंध नाही.

तिकडे माझी जाऊ त्याच गल्लीत आहे, दोन मुलांना घेऊन. ती पोळी-भाजीचे डबे करायची, निम्मे बंद झाले. मुलगा शाळेत मारामारी करून येतो, बापावरून बोलतात म्हणून. ती मुलीच्या आईसमोरून खाली मान घालून जाते, आणि ती आई पण हिला काही बोलत नाही, दोघींचं ते कसं चाललंय देव जाणे. तुमच्या खात्याची बालसंगोपन योजना आहे, महिन्याला 2250 रुपये, त्यात कैद्यांच्या मुलांनाही घेतात. जाऊ चौकशीला गेली तर म्हणे बाप जेलमध्ये नाही ना मग कसं बसणार. खरंय, जेलमध्ये नाही. घरात पण नाही, आणि शिक्षा लागलेल्या माणसाला काम कोण देतं, पैसे पण नाहीत. उद्या अपील फेटाळलं आणि ते आत गेले की मग बसेल बहुतेक. कुठल्या बाईने नवरा जेलमध्ये जायची वाट बघायची हो योजनेसाठी?

असं काही लिहिलं की लगेच लोक म्हणतात अमेरिकेसारखी यादी लावा, नाव फोटो पत्ता सगळं ऑनलाइन. आपल्याकडे 2018 पासून लैंगिक गुन्हेगारांचा राष्ट्रीय डेटाबेस आहे, एनसीआरबीकडे, पण तो फक्त पोलीस वगैरे तपास यंत्रणांना दिसतो, आणि तसाच राहू दे. पत्ता टाकलात की तो माझाच पत्ता असणार. आणि जिथे बापानेच मुलीवर हात टाकलाय तिथे बापाचं नाव म्हणजे मुलीचंच नाव झालं. अमेरिकेत शाळा-बागांपासून इतके फूट लांब राहा असे पण नियम आहेत, मायामीत ते 2500 फुटांवर नेले तेव्हा शहरात जागाच उरेना आणि कितीतरी जण खाडीवरच्या पुलाखाली तंबू टाकून राहायला लागले, पोलिसांना त्यांना शोधणं सोपं झालं का अवघड तुम्हीच सांगा. कुर्ल्यात 2500 फूट मोजायला लागलात तर बालवाडी, शाळा, क्लास, मदरसा लागल्याशिवाय तुम्ही स्टेशनपासून रिक्षा स्टँडपर्यंत पण पोचणार नाही.

इंग्लंडमधली एक गोष्ट मात्र मला पटली. तिथे आईबाप पोलिसांना जाऊन विचारू शकतात की अमुक माणूस माझ्या मुलाच्या जवळ असतो, त्याचं मागचं काही आहे का. पोलीस तपासतात आणि मुलाला धोका वाटला तर ज्याला कळणं गरजेचं आहे त्याला सांगतात, गावभर नाही. मला तर माहीत होतं. पण भावोजी उद्या दुसरीकडे पेइंग गेस्ट राहिले तर तिथल्या बाईला कसं कळणार?

कोर्टाने काय अटी घालायच्या ते तुमच्या हातात नाही हे मला कळतं. पण परिवीक्षा अधिकारी तुमच्या खात्याचे, जिल्हा बाल संरक्षण कक्ष तुमचा, बाल कल्याण समिती तुमची, मुलांसाठीची हेल्पलाइन 1098 पण आता तुमच्याकडे. पोक्सोमधला माणूस जामिनावर किंवा स्थगितीवर कुठल्या पत्त्यावर जाणार हे गृहखात्याने तुमच्या कक्षाला कळवायचं आणि तुमचा माणूस, शक्यतो बाई, त्या घरी एकदा जाऊन यायची, एवढा एक जीआर निघू शकतो. तिने घरातल्या बाईशी वेगळं बोलायचं, नवरा आणि सासू समोर नकोत, कारण त्यांच्यासमोर मी पण "चालेल" म्हटलं असतं. मूल असेल तर तो पत्ता चालणार नाही असा रिपोर्ट सरकारी वकिलामार्फत कोर्टात जाऊ दे. मग तो माणूस राहणार कुठे, हा प्रश्न पण तुम्हालाच सोडवावा लागेल, फक्त पुरुषांसाठी एखादं वसतिगृह, जिथे हजेरी तिथेच होईल. लोक ओरडतील की यांच्यावर खर्च कशाला. आत्ता तो खर्च माझी आई करतेय, पेन्शनमधून.

आणि बालसंगोपनच्या त्या नियमात कोर्टाच्या अटीमुळे घरापासून लांब असलेला बाप, हे एक वाक्य घाला. ती योजना तर तुमच्याच खात्याची आहे.

शाळा जूनमध्ये सुरू होते. त्याच्या आधी काही ठरलं तर मला मुलीचा दाखला परत कुर्ल्याच्या शाळेत आणता येईल.

आपली,
कुर्ल्याची एक आई