गोरखचिंचेची फाईल आणि आपली मोहफुलं

संपादक महोदय,

आपल्या पुरवणीत आफ्रिकेतल्या गोरखचिंचेच्या (बाओबाबच्या) फळाच्या भुकटीवर आलेला लेख वाचला. 'संत्र्याच्या सहापट क जीवनसत्त्व' हे त्यातलं वाक्य नागपुरात छापताना तरी जरा थांबायला हवं होतं! संत्र्यात 85 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं आणि गोरखचिंचेचा गर झाडावरच, कवचाच्या आत वाळून खडखडीत होतो. सुक्या मालाची ओल्याशी तुलना आमच्या धंद्यात कोणी ऐकून घेणार नाही. शिवाय संत्रं अख्खं खातात, भुकटी चमचाभर.

मी इतवारीत वनोपजाचा व्यापार करतो. चारोळी, हिरडा, बेहडा, डिंक, मोहफुलं. म्हणून सांगतो, त्या लेखात मुख्य गोष्टच राहून गेली. हे फळ झिम्बाब्वे, मलावी, सेनेगलमध्ये लोक पिढ्यान्‌पिढ्या खातात, त्याचं सरबत करतात. तरीही 2008 पर्यंत युरोपात ते खाद्य म्हणून विकायला परवानगी नव्हती. 15 मे 1997 च्या आधी जो पदार्थ तिकडे फारसा खाल्ला जात नव्हता तो 'नवा', आणि नव्याला आधी मंजुरी घ्यावी लागते, असा तिथला कायदा. 2006 मध्ये 'फायटोट्रेड आफ्रिका' या आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या व्यापारी संघटनेने अर्ज केला, जून 2008 मध्ये मंजुरी मिळाली, पुढच्या वर्षी अमेरिकेतही वाट मोकळी झाली. फळ वेचणाऱ्या बहुतेक खेड्यातल्या बाया. तपासण्या, कागद, त्यांचा खर्च एकेका गावाच्या ऐपतीबाहेरचा होता, म्हणून ते काम संघटनेने अंगावर घेतलं. जाहिराती नंतर आल्या.

आता आपल्याकडे या. गोरखचिंच एका बाबतीत नशीबवान: कवच फोडायचं, गर कुटायचा, चाळायचा, बिया वेगळ्या. मोहफुलाचं तसं नाही. ते पहाटे गळतं, रसरशीत असतं, ढीग करून ठेवलं की आंबतं. वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, मग राख आणि खडे फुलाला चिकटतात. गाडी आली की मी मूठभर माल दाबून बघतो. नीट वाळलेला असेल तर मूठ उघडताच फुलं सुटी होतात. दमट असेल तर चिकट गोळा तसाच हातात राहतो, आणि त्यात हमखास वाळू लागते. झाडाखाली जाळी बांधून धरलेलं फूल पाहिलंत तर हे तेच फूल यावर विश्वास बसणार नाही. पण भावात फरक पडतो तो नावापुरताच, कारण पुढचं गिऱ्हाईक बहुतेक दारूचं. मग बाईने जाळी का बांधावी?

(चारोळीबद्दल मात्र 'जगाच्या बाजारात न्या' असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. भाव चढला की कच्ची फळं ओरबाडतात, फांद्याच तोडून नेतात. आधी झाडं वाचू द्या.)

2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी गावाला दिली. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावाला 2011 मध्ये बांबूचा वाहतूक परवाना स्वतः देण्याचा अधिकार मिळाला. विकण्याचा हक्क आला, पण परदेशी मंजुरीची फाईल कोणती ग्रामसभा करणार? आणि ती एखाद्या खासगी कंपनीने केली तर गावं पुन्हा कच्चा माल पुरवणारीच राहतील. मी व्यापारी असूनही हे लिहितोय. आदिवासी विकास महामंडळाने किंवा ग्रामसभांच्या एखाद्या महासंघाने हा खर्च उचलावा आणि मंजुरीचा फायदा सगळ्या गावांना मिळेल अशीच व्यवस्था करावी.

2018 पासून युरोपात पारंपरिक पदार्थांसाठी वेगळी, सोपी वाट आहे. मूळ देशात किमान 25 वर्षं लोक तो पदार्थ नेहमीच्या आहारात सुरक्षितपणे खात आले आहेत, हे दाखवावं लागतं. गोंदिया-गडचिरोलीत मोहाचे लाडू खाल्लेली माणसं हवी तेवढी भेटतील, फक्त कोणीतरी ते रीतसर लिहून काढायला हवं. आपल्या विद्यापीठातल्या मुलांना प्रकल्पाचे विषय हवेच असतात. यंदाच्या हंगामापासून हे काम त्यांच्याकडे द्यायला काय हरकत आहे?

– एक वनोपज व्यापारी, इतवारी, नागपूर