गोडाची पंगत पुरे, यंदा रेलिंग द्या

सस्नेह नमस्कार.

पितृपंधरवडा जवळ आला की आमच्या वृद्धाश्रमाचा फोन वाजायचा थांबत नाही. "आईच्या तिथीला जेवण द्यायचंय, कुठला दिवस रिकामा आहे?" सर्वपित्रीला तर एकाच दुपारी दोन-दोन घरचे डबे येतात. खीर, वडे, अळूची भाजी, भजी. देणाऱ्यांच्या भावनेबद्दल शंका नाही, आणि आजी-आजोबाही त्या दिवशी खुशीत असतात. पण पंधरा दिवस खीर-वडे आणि उरलेले साडेअकरा महिने पातळ वरण, हे आता बदलायचं आम्ही ठरवलंय. त्यासाठी हे आवाहन.

गेल्या महिन्यात व्हरांड्यात खडूने दोन रेघा मारल्या, मध्ये 4 मीटर अंतर. एकेकाला नेहमीच्या चालीने चालायला सांगितलं आणि मोबाइलवर सेकंद मोजले. 5 सेकंदांहून जास्त लागले तर चाल मंदावली असं डॉक्टर धरतात. आमच्या एक आजी पूर्वी शाळेत शिकवायच्या. पहिल्या रेघेवर उभ्या राहून म्हणाल्या, "शर्यत लावताय होय माझी?" आणि निघाल्या. अर्ध्यात भिंतीला हात लावून थांबल्या. 11 सेकंद. याच आजी दोन वर्षांपूर्वी रोज पहाटे परसातल्या प्राजक्ताची फुलं वेचून आणायच्या. आता त्यांच्या बांगड्या हात वर केला की कोपरापर्यंत घसरतात, हे आम्ही सगळे बघत होतो. "वय झालं" म्हणून सोडून देत होतो.

वयाबरोबर असं खंगत जाण्याला डॉक्टर फ्रेल्टी म्हणतात. अमेरिकेतल्या डॉ. लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये तिच्या पाच खुणा मांडल्या: वर्षभरात आपोआप साडेचार किलोच्या आसपास वजन उतरणं, सततचा थकवा, हाताची पकड ढिली होणं, चाल मंदावणं आणि एकूण हालचाल कमी होणं. यांतल्या तीन दिसल्या की माणूस फ्रेल, एक-दोन असतील तर त्या वाटेवर. अशा माणसाला साधा ताप किंवा न्हाणीघरातलं एक घसरणंही पुरतं. खाट धरली की पुन्हा उभं राहणं अवघड. धडधाकट ज्येष्ठांनासुद्धा 10 दिवस अंथरुणात ठेवलं तर पायांचं जवळजवळ किलोभर मांस झडतं, असं अभ्यासात दिसलंय. आमच्याकडचे तर आधीच खंगलेले.

आता थोडं आमच्या स्वतःच्या चुकीबद्दल. "बसा आजी, पडाल", "पाणी मी आणून देते", "आजोबा, तुम्ही उठू नका" हे आमचे कर्मचारी दिवसभर म्हणत असतात, मायेनेच. पण पडू नये म्हणून बसवून ठेवलेल्या माणसाचे पाय बसूनच जातात. त्यात आमच्या खुर्च्या बिनहाताच्या आणि खाटा बुटक्या. उठायला आधार नाही म्हणून कोणी उठत नाही.

गोळ्यांचंही तसंच. कुणाकुणाच्या डबीत सकाळ-संध्याकाळ मिळून आठ-नऊ गोळ्या आहेत, तीन वेगवेगळ्या डॉक्टरांनी वेगवेगळ्या वेळी लिहिलेल्या. पाचाच्या पुढे औषधं गेली की उठताना चक्कर, पडणं, भूक मरणं याचा धोका वाढतो. सगळी डबी समोर घेऊन बसणारा एक डॉक्टर आम्हाला हवाय. आपल्या मनाने आम्ही एकही गोळी बंद करणार नाही.

आणि दात. कवळी नाही किंवा सैल झालीय, म्हणून चहात बुडवलेली चपाती आणि वरणभात यावर कित्येकांचा दिवस निघतो. 50 किलोच्या ज्येष्ठ माणसाला रोज साधारण 50 ते 60 ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात 6 ग्रॅम, पेलाभर दुधात 8 ग्रॅमच्या आसपास. वाटीभर पातळ वरणाने काय होणार? (ज्यांना मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांचं ताट डॉक्टरांना विचारूनच ठरतं.)

तरी नुसतं खाऊ घालून भागत नाही. 1994 मध्ये बोस्टनमधल्या वृद्धांच्या एका संस्थेतल्या 100 जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी वय 87. ज्यांनी 10 आठवडे पायांनी वजनं उचलण्याचा व्यायाम केला, त्यांच्या स्नायूंची ताकद दुपटीहून जास्त झाली. ज्यांना व्यायामाशिवाय फक्त पौष्टिक पेय दिलं, त्यांच्यात फारसा फरक पडला नाही. सत्त्याऐंशीव्या वर्षी ताकद वाढते, हे वाचून आमच्या मंडळातल्या सत्तरीच्या सदस्यांनीही कान टवकारले!

तर मागणं असं. आठवड्यातून तीन दिवस येणाऱ्या फिजिओथेरपिस्टचं वर्षभराचं मानधन, हा सगळ्यात मोठा खर्च आणि सगळ्यात आधी हवा. मग खोल्यांपासून संडास-न्हाणीघरापर्यंत भिंतीला रेलिंग, हाताच्या भक्कम खुर्च्या, कमोडशेजारी पकडायला दांडे. ज्यांना तिथीला जेवणच द्यायचंय त्यांनी पंगतीऐवजी त्या व्यक्तीच्या नावाने एका महिन्याचं दूध, अंडी, मूगडाळ, दाणे द्यावेत. फळ्यावर नाव त्या दिवशी लिहिलं जाईलच, महिनाभर राहील. गावातल्या दातांच्या आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी महिन्यातली एक सकाळ दिली तर आम्ही ऋणी राहू.

2000 रुपयांवरची देणगी रोख देऊ नका, देणगीवरची आयकरातली सवलत (80जी) अशा रोखीला मिळत नाही. चेक किंवा ऑनलाइन द्या. पावती लगेच मिळेल, आणि काय घेतलं याचा हिशेब दर महिन्याला कार्यालयाबाहेर लावू.

पैसे नसतील तर सकाळी 7 ते 8 या वेळात या. एकेका आजी-आजोबांबरोबर व्हरांड्यात चालायचं, एवढंच काम. त्यांना दंडाला धरून ओढू नका, आपला हात पुढे करा आणि त्यांना धरू द्या. गप्पा मारल्या तर उत्तम, पण उत्तर द्यायला ते थांबले तर तुम्हीही थांबा.

शिक्षिका आजींना प्राजक्तापर्यंत जायचंय. परसात उतरायला दोन पायऱ्या आहेत आणि धरायला काहीच नाही. पहिलं रेलिंग तिथेच बसेल, वेल्डर काल माप घेऊन गेलाय.

आपले,
कार्यकारी मंडळ आणि कर्मचारी