१८६० क्रमांकाचा भुर्दंड ग्राहकाला का?

महोदय,

कंपन्यांचे ग्राहक सेवा क्रमांक दिसायला सारखेच असतात. पण १८०० ने सुरू होणाऱ्या कॉलचा खर्च कंपनी उचलते, तर १८६० ने सुरू होणाऱ्या कॉलचे पैसे फोन करणाऱ्याला पडतात. दोन्ही कुठल्याच शहराचे नसल्यामुळे सामान्य माणूस दोन्ही फुकटच धरून चालतो. ‘अमर्याद कॉल’च्या रिचार्जमध्येही १८६० चे क्रमांक बऱ्याचदा येत नाहीत, वेगळा टॉकटाइम शिल्लक नसेल तर फोन लागतच नाही.

गावी राहणाऱ्या माझ्या काकूंचे एटीएम कार्ड हरवले, तेव्हा नेमके हेच झाले. कार्ड बंद करायचे होते, मिनिटामिनिटाला जीव वरखाली होत होता, आणि बँकेने छापलेला क्रमांक १८६० चा. शेवटी शेजाऱ्यांच्या फोनवरून काम झाले. लागलेला कॉलही आधी जाहिराती आणि ‘एक दाबा, दोन दाबा’ यांतच रेंगाळतो, आणि त्या वेळेचेही पैसे आपणच भरतो!

ब्रिटनमध्ये जून २०१४ पासून, खरेदी केलेल्या वस्तू-सेवेबद्दल ग्राहकाने केलेल्या फोनला नेहमीच्या दरापेक्षा जास्त आकार लावण्यास व्यापाऱ्यांना मनाई आहे. आपल्याकडेही दूरसंचार नियामक ‘ट्राय’ आणि रिझर्व्ह बँकेने लक्ष घालावे. कार्ड बंद करणे आणि फसवणुकीची तक्रार यांसाठी १८०० चाच क्रमांक सक्तीचा करावा, आणि जिथे १८६० छापला जातो तिथे शेजारीच ‘शुल्क लागू’ असे ठळक मराठीत लिहायला लावावे.

– एक वाचक, सातारा