श्रवणयंत्राची नळी वेळेवर बदलली जावी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात अधूनमधून श्रवणयंत्र वाटपाची शिबिरे भरतात आणि त्यांची वृत्ते आपल्या दैनिकात आवर्जून येतात. दिव्यांगांना साहाय्यक साधने देणारी केंद्र सरकारची १९८१ पासूनची अॅडिप योजना आणि ज्येष्ठांसाठी २०१७ मध्ये सुरू झालेली वयोश्री योजना यांमुळे, ज्यांना स्वतःच्या पैशांनी यंत्र घेणे कधीच जमले नसते अशा अनेकांच्या कानामागे आज यंत्र आहे. परंतु सहा-आठ महिन्यांनी त्यांच्या घरी गेले की तेच यंत्र डबीत घालून कोनाड्यात ठेवलेले आढळते. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते, "नुसती शिट्टीच मारतंय." त्यांतील कितीतरी यंत्रे बिघडलेली नसतात. यंत्र आणि कानातला मोल्ड, म्हणजे कानाच्या मापाने घडवलेला बोळ्यासारखा तुकडा, यांना जोडणारी वीतभरही नसलेली प्लास्टिकची नळी तेवढी कडक झालेली असते. या नळीविषयी आपल्याकडे कोणीच काही सांगत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझे वडील वडगावात यंत्रमागावर पस्तीस वर्षे साड्या विणत होते. कारखान्यांच्या नियमांनुसार ९० डेसिबल आवाजात आठ तासांहून अधिक काम करू नये असे आहे, आणि मागांच्या शेडमधला आवाज बहुधा त्याच्याही वरचा असतो. कानात बोळा घालण्याची पद्धत तेव्हा नव्हती. साठी उलटल्यावर त्यांना समोरच्या माणसाचे ओठ दिसल्याशिवाय बोलणे कळेनासे झाले. शिबिरात मिळालेल्या यंत्राने पहिले काही महिने घर पुन्हा बोलते झाले, आबा संध्याकाळी कट्ट्यावर जाऊन बसू लागले; पण पुढे शिट्टी सुरू झाली. आम्ही आवाज कमी करून पाहिला, सेल बदलून पाहिला. शहरातील एका दुकानदाराने यंत्र हातात घेऊन दोन मिनिटे पाहिले आणि "हे संपलं, नवीन घ्या" असे सांगून पंधरा हजारांचा आकडा कागदावर लिहून दिला. पुढे एका श्रवणतज्ज्ञ बाईंनी तेच यंत्र पाहिले, जुनी नळी उपसून काढली आणि टेबलावर माझ्यासमोर ठेवली. ती वाळलेल्या शेंगेसारखी पिवळट आणि ताठ झाली होती आणि हुकाजवळ, म्हणजे यंत्राच्या ज्या वाकड्या टोकाला नळी बसते तिथे, तिला केसाएवढी चीर गेली होती. नवी नळी घालायला दहा मिनिटे लागली आणि ऐंशी रुपये पडले. आबांनी यंत्र कानावर चढवले आणि पहिला प्रश्न केला, "पंखा एवढा वाजतोय व्हय?"

नळी अशी का होते, हे समजले की तिची काळजी घेणे सोपे जाते. मऊ प्लास्टिकला मऊपणा देणारा जो अंश असतो तो कानाची ऊब, घाम आणि तेलकटपणा यांमुळे हळूहळू निघून जातो. मग नळी आखडते, पिवळी पडते, मोल्डला ओढू लागते. मोल्ड जागेवरून किंचित जरी सरकला किंवा नळीला चीर गेली, तरी कानात जाणारा आवाज बाहेर झिरपतो, कानामागच्या माइकमध्ये पुन्हा शिरतो, पुन्हा मोठा होतो आणि त्याचीच शिट्टी बनते. म्हणून नळी साधारण तीन ते सहा महिन्यांत बदलावी लागते. घामाच्या माणसाची लवकर बदलावी लागते. आमच्या घरी मी ती मृग निघण्यापूर्वी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा बदलतो, म्हणजे तारीख वेगळी लक्षात ठेवावी लागत नाही.

दोष नळीतच आहे का, हे घरच्या घरी पाहता येते. यंत्र चालू ठेवून मोल्डचे भोक अंगठ्याने घट्ट दाबावे. शिट्टी थांबली तर गळती कान आणि मोल्ड यांच्यामध्ये आहे, म्हणजे मोल्ड नीट बसलेला नाही, सैल झाला आहे किंवा कानात मळ साचला आहे. शिट्टी चालूच राहिली तर नळी हुकापासून काढून हुकाचे तोंड बोटाने बंद करावे. आता ती थांबली, तर दोष नळीत किंवा मोल्डमध्ये आहे. तरीही वाजत राहिली, तरच हुक किंवा यंत्राच्या आतल्या दोषाकडे वळावे. ही परीक्षा त्या दुकानदाराने केली असती तर आम्हाला चार रात्री पैशांच्या चिंतेत घालवाव्या लागल्या नसत्या.

आपल्या भागात दुसरा त्रास पाण्याचा आहे. खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात भिंतींनाही ओल येते, आणि थंडीत कानातली उबदार दमट हवा गार नळीत आली की आतल्या बाजूने थेंब धरतात. उजेडात धरले की ते स्पष्ट दिसतात. असा एक थेंब आवाज अडवतो, म्हणून यंत्र कधी चालते, कधी मुके होते. अशा वेळी एका हाताने हुक आणि दुसऱ्या हाताने नळीचे टोक धरून नळी सोडवावी, मोल्डला धरून ओढू नये. मग रबरी फुग्याने हवा मारून थेंब काढावा. फुगा औषधाच्या किंवा यंत्रांच्या दुकानात मिळतो. मोल्ड व नळी कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुता येतात, मात्र यंत्राला पाण्याचा थेंबही लागता कामा नये. धुतलेला मोल्ड रात्रभर वाळू द्यावा. केस वाळवायचे मशीन, चूल, ऊन किंवा स्पिरिट यांपैकी काहीही वापरू नये. त्यांनी नळी आणखी लवकर ताठते. दोन्ही कानांत यंत्र असेल तर लाल खूण उजव्या कानाची आणि निळी डाव्या कानाची, हे जोडताना विसरू नये.

नळी बदलणे पहिल्यांदा जाणकाराकडूनच शिकून घ्यावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. जुनी नळी फेकू नये, कारण नव्या नळीचे माप तिच्यावरून कळते. नव्या नळीचे निमुळते टोक तारेच्या फासाने मोल्डमधून ओढून घ्यावे लागते आणि कानाच्या बाजूला ती मोल्डच्या पृष्ठभागाशी अगदी समतल कापावी लागते, कारण तसूभर पुढे राहिली तरी ती कानाच्या आतल्या नाजूक कातडीला बोचते. दुसरी बाजू मात्र मोल्ड कानात आणि यंत्र कानामागे ठेवून, खूण करूनच कापावी. आखूड झाली तर ती मोल्डला उचलते, लांब राहिली तर यंत्र कानावरून लोंबते. माझी पहिली नळी आखूड झाली होती आणि आबांनी ती दोन दिवस मुकाट्याने सोसली, याचे मला आजही वाईट वाटते. हल्लीच्या काही यंत्रांना केसासारखी बारीक तयार नळी असते. ती घरी कापायची नसते, तिच्यातून दिलेला नायलॉनचा धागा फिरवून मळ काढायचा आणि ठरलेल्या मापाचीच नवी आणायची.

शाळेत जाणाऱ्या मुलांचे हाल अधिक होतात. कान वाढतो तसा मोल्ड लहान पडतो, शिट्टी वाजते, वर्गात मुले मागे वळून पाहतात आणि ते मूल गुपचूप यंत्र बंद करून बसते. मी प्राथमिक शाळेत शिकवत असताना माझ्याच वर्गातल्या अशा एका मुलीला कित्येक आठवडे "लक्ष देत नाहीस" म्हणून रागावत होतो. तिच्या नळीकडे पाहावे हे मला तेव्हा ठाऊकच नव्हते.

शिबिर भरवणाऱ्या संस्थांना आणि आरोग्य खात्याला माझी विनंती आहे की यंत्रासोबत निदान दोन जादा नळ्या आणि एक रबरी फुगा द्यावा, आणि घरातल्या एका माणसाला समोर बसवून नळी काढून-घालून दाखवावी. मिळणारे माहितीपत्रक कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत, मोठ्या अक्षरांत असावे, कारण ते वाचणारे बहुतेक साठीपुढचे असतात आणि इंग्रजीतील बारीक मजकूर त्यांच्या कामाचा नाही. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात महिन्यातला एक ठराविक दिवस नळी बदलण्यासाठी ठेवला, तर नंदगड किंवा कणकुंबीच्या म्हाताऱ्या माणसाला एवढ्याशा कामासाठी बेळगावपर्यंत एसटीचे हेलपाटे घालावे लागणार नाहीत. आमच्या भागातील कोणी जुनी नळी आणि मोल्ड घेऊन आले, तर मी ती बदलून देईन आणि बदलायला शिकवीनही. रविवारी सकाळी मी घरीच असतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक,
वडगाव, बेळगाव