हक्कसोड आणि सलाफहादाच्या पाच मुली

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रांच्या सदरात एका वाचकाने लिहिले होते की, बायबलमध्ये स्त्रीचे मोल पुरुषापेक्षा कमी ठरवलेले आहे, आणि पुरावा म्हणून लेवीय या पुस्तकाचा २७वा अध्याय दिला होता. हवाला अचूक आहे. देवाला नवस केलेल्या माणसाच्या बदल्यात भरायच्या चांदीचे दर तिथे आहेत. वीस ते साठ वर्षांच्या पुरुषासाठी ५० शेकेल (चांदी मोजण्याचे त्या काळचे वजन), त्याच वयाच्या स्त्रीसाठी ३०. मात्र साठी उलटलेल्या पुरुषाचा दर तिथेच १५ शेकेल, म्हणजे तरुण स्त्रीच्या निम्मा आहे, हे त्यांच्या नजरेतून सुटले. हा हिशेब अंगमेहनतीचा आहे, माणसाच्या योग्यतेचा नाही, असे मी समजते. तरीही तो अध्याय झाकून ठेवावा असे मी म्हणणार नाही. बाईची मजुरी आजही कमीच धरली जाते.

पण स्त्रीचे मोल पाहायचे असेल तर गणना या पुस्तकाचाही २७वा अध्याय उघडावा. सलाफहाद नावाचा इस्राएली मनुष्य रानात वारला. त्याला मुलगा नव्हता. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा अशा पाच मुली होत्या. जमिनीच्या वाटणीची वेळ आली तेव्हा या पाचजणी इस्राएलांचा पुढारी मोशे, एलाजार याजक, सरदार आणि सगळी मंडळी यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि मुलगा नाही एवढ्याच कारणाने आमच्या बापाचे नाव कुळातून का पुसले जावे, असे विचारून त्यांनी आपला हिस्सा मागितला. मोशेने स्वतः निकाल न देता गाऱ्हाणे देवापुढे नेले, आणि मुलींचे म्हणणे रास्त आहे असा निवाडा आला. भाऊ नसेल तरच मुलीला वाटा, आणि पुढे ३६व्या अध्यायात लग्न आपल्याच वंशात करण्याची अट, या मर्यादा होत्याच, हे मान्य केले पाहिजे.

माझी आजी नगर जिल्ह्यातली, लग्न होऊन इंदुरास आली. तिचे वडील वारले तेव्हा १९२५च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे ख्रिस्ती मुलीचा वाटा मुलाइतकाच होता. पण भावांनी तिला माहेरी बोलावले, साडीचोळी केली आणि हक्कसोडपत्रावर सही घेतली. ती त्याबद्दल कधी बोलली नाही. तिच्या माघारी तिचे बायबल माझ्याकडे आले. गणनाच्या त्या पानावर पाचही नावांखाली शिसपेन्सिलीच्या रेघा आहेत, आणि इतक्या दाबून ओढलेल्या की त्या मागच्या पानावर उमटल्या आहेत.

केरळात तर कायद्यानेच मुलीचा दर ठरवला होता. १९१६च्या त्रावणकोर ख्रिस्ती वारसा कायद्यात मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा ५,००० रुपये, यांपैकी जे कमी असेल तेवढेच मिळे. तिथल्याच एक ख्रिस्ती लेक मेरी रॉय सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९८६ साली तो कायदा निष्प्रभ झाला.

स्त्रियांनी मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभेत, गप्प राहावे, हे करिंथकरांस पहिल्या पत्रातले वचन मी लहानपणापासून कितीदा तरी ऐकले आहे. या पाच बहिणींवर उपदेश मात्र एकदाही ऐकलेला नाही. त्याच पत्राच्या ११व्या अध्यायात स्त्रिया प्रार्थना करतात आणि संदेश देतात हे ते पत्र लिहिणाऱ्या पौलाने गृहीतच धरले आहे, तेही कोणी वाचून दाखवत नाही. खजुरीच्या झाडाखाली बसून इस्राएलाचा न्याय करणारी दबोरा तर अहिल्याबाईंच्या इंदुरात वेगळी समजावून सांगावी लागू नये. आणि मूळ हिब्रू व ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणण्यासाठी आयुष्याची अखेरची वर्षे वेचणारी पंडिता रमाबाई ही स्त्रीच होती, याची आठवण पत्रलेखकाला आणि आमच्या उपदेशकांनाही करून द्यावीशी वाटते.

आजीच्या माहेरी आता पुढच्या पिढीची वाटणी निघाली आहे. तिथल्या लेकींनाही हक्कसोडीच्या सहीसाठी बोलावणे आले आहे. मी त्यांच्याबरोबर जाणार आहे, आणि आजीचे बायबल सोबत नेणार आहे.

आपली,
एक वाचक, इंदूर